तिसऱ्या कडव्यातला ठोका

“ठोका, आणि लगेच श्वास. परत घ्या,” स्टुडिओच्या काचेमागून, बायकोशेजारी बसलेल्या नवऱ्याने सांगितलं आणि बोलायचं बटण बंद केलं.

नव्या गायिकेने हेडफोन नीट बसवले. “मामा, माझा श्वास उशिरा येतोय का?”

“उशिरा नाही गं पोरी. तू ठरवून घेतेस. तो दचकून यायला हवा.” मामांनी मांडीवरचा ढोल सरळ केला. “माझं बघ. झोपेतून उठवलंस तरी हा ठोका जागेवर पडेल. आमची ही वैतागते, जेवताना ताटसुद्धा सोडत नाही म्हणून.”

गाण्याचे शब्द आणि चाल काचेमागे नवऱ्याशेजारी बसलेल्या बाईची होती. ती लोकांसमोर कधी गायली नाही. गाणाऱ्यांना शिकता यावं म्हणून घरी आपल्या आवाजात गाणं भरून द्यायची, तेवढंच. भरून घ्यायचा नवरा. त्या घरच्या रेकॉर्डिंगवरून हे गाणं कितीतरी जणांनी गायलं, आणि तिसऱ्या कडव्यातली ती जागा प्रत्येकाने जशीच्या तशी उचलली. तालाबाहेरचा एक ठोका, मग तुटलेला श्वास. बहुतेक वेळा ढोलावर मामाच असत. तो ठोका त्यांच्याच नावाने ओळखला जाई. नाचाच्या रेकॉर्डमध्ये तिथे बंदुकीचा बार टाकला होता. मैफलीत हजारो माणसं त्या जागी एकदम श्वास ओढत आणि मग टाळ्या वाजवत.

“या वेळी ती जागा काढू या,” बाई म्हणाली.

“काय?” नवऱ्याने बोर्डावरची नजर उचलली नाही.

“तो ठोका मी लिहिलेला नाही. श्वासही नाही. गाणं माझं आहे. एकदा तरी ती ओळ सरळ गाऊ दे कुणाला.”

“लोक त्याच्यासाठीच ऐकतात. तुला काय वाटलं, तुझ्या शब्दांसाठी?”

“काढ ती जागा.”

त्याने तिचं मनगट पकडून पिरगळलं. काचेच्या चौकटीखाली, पलीकडून दिसणार नाही असं. चेहरा हसराच होता. मध्ये दुहेरी काच होती, दोन काचांमध्ये वीतभर पोकळी. त्या बटणाशिवाय इकडचा आवाज तिकडे जायला वाट नव्हती.

“फार बोलायला लागलीस. घरी चल, मग बघतो.”

“घरी कशाला?” तिने मोकळ्या हाताने बटण दाबलं. दाबलं की ते तसंच राहत असे. छोटा हिरवा दिवा लागला. नवरा तिच्याकडे बघत होता, दिव्याकडे नाही. “शब्द चुकले म्हणून घरी हे गाणं भरताना, गाता गाता मारलंस. तसंच मार. मी तेव्हाही थांबले नव्हते. पुढची ओळ गायले होते.”

गायिकेने नुकतीच पाण्याची बाटली उघडली होती. हेडफोनमध्ये खुर्ची कोसळली. मग ठोका आला. त्याला चिकटून श्वास आला, दचकून, तुटून; सकाळपासून तिला साधत नव्हता अगदी तसा. त्यानंतर आणखी ठोके आले. ते आजवर कोणी उचलले नव्हते. डोकं कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, धातूवर. मग फक्त त्याची धाप.

गायिकेने हेडफोन ओरबाडून काढले. मामांनी काढले नाहीत. ते आपल्या उजव्या तळव्याकडे बघत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

नवरा काचेत वर आला. केस सारखे केले, बोलण्यासाठी बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. त्याचे ओठ हलले, पण पलीकडे कुणी मान हलवली नाही. मग त्याने दिव्याकडे पाहिलं. काचेपलीकडच्या दोघांकडे पाहिलं. बटण पुन्हा दाबलं.

“ऐकलं ना? असा हवा श्वास,” तो म्हणाला. “चला, पहिल्यापासून.”

गायिका दाराकडे धावली. तेवढ्यात बाई टेबलाला धरून उभी राहिली. भुवईतून रक्त गालावर उतरत होतं, एक डोळा मिटला होता. तिने तळहात दाखवून गायिकेला थांबवलं, आणि तोच हात हवेत हलवून ताल धरला. गा.

गायिका माईकपाशी परत आली. पहिलं कडवं कापत गेलं. दुसऱ्यात आवाज सापडला. तिसरं सुरू झालं तेव्हा मामांचा उजवा हात सवयीने वर गेला आणि वरच राहिला. गायिकेने श्वास तोडला नाही. ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेली. काचेमागे बाईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

नवऱ्याने संगीत थांबवलं.

“मामा! ठोका कुठे गेला तुमचा?”

“तो माझा नव्हता,” मामा म्हणाले, ढोल खाली ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.