अवसेचं पाणी

वेंगुर्ल्याचा म्हातारा मच्छीमार धाकू तांडेल बैलगाडीनं आंबोलीचा घाट चढून वडगावला लेकाकडं राहायला आला. लेक आण्णाप्पाच्या हातमागावर कामाला होता. एका उन्हाळी सकाळी आटत आलेल्या तळ्याच्या पायऱ्यांवर विणकरांचं रंगवलेलं सूत वाळत होतं. धाकू सवयीनं लेकाला म्हणाला, “आज अवस. दुपारी पाणी चढतला. सूत वर घे.” सगळे खदखदून हसले. “पावणं, ह्ये तळं हाय, समुद्र न्हवं,” आण्णाप्पा म्हणाला. धाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाचा शब्द खाली पडू नये म्हणून लेकानं मालकाचं सूत तेवढं गुपचूप वरच्या पायरीवर नेलं. दुपारी उन्हानं कावलेल्या गावभरच्या म्हशी एकदम तळ्यात बसल्या आणि पाणी पायऱ्या चढलं. इतरांचं सूत तरंगू लागलं. आण्णाप्पानं आपलं कोरडं सूत बघून हात जोडले. “तांडेल, पाणी कवा उतरंल?” “म्हशी उठल्यार.”