संकष्टीची भूक
संकष्टीच्या सकाळी मालिनीताईंनी सुनेपुढे दंड धरला. वजन उतरवायला तिथे कातडीखाली बसवलेल्या औषधाच्या चकतीने त्यांची भूक केव्हाच निजवली होती.

"ऋतुजा, आजचा दिवस ही चकती फोनवरून बंद कर गं."

"अहो आई, उपासाच्या दिवशीच भूक जागी करायची?"

"भूकच नसेल, तर देवासाठी सोडू काय?"

दुपारी पोटात कावळे ओरडू लागले, तशा त्या समाधानाने हसल्या. चंद्रोदयाला नैवेद्य दाखवून पानावर बसल्या. दोन मोदक संपले. तिसऱ्याकडे गेलेला हात मात्र थबकला. त्या जाड होत्या तेव्हा शेजारणी म्हणायच्या, "उपास बरा अंगी लागतो हो तुम्हाला!"

ऋतुजाने तिसरा मोदक त्यांच्या पानात वाढला, फोडून त्यावर तूप सोडलं.

"भूक लागलीय ना, आई? मग खा."