झारीचा आवाज

चूक सापडली आणि माळीणबाईने कपाळावर हात मारून घेतला.

कचेरीत तिला हे नाव चित्रकाराने ठेवलं होतं. दोघांनी मिळून मोबाइलवरचा बागेचा गेम केला होता. फुलं त्याने काढली, त्यांना वाढायला आणि वाळायला हिने शिकवलं. रोज पाणी घातलं तर झाड फुलायचं, विसरलं तर मान टाकायचं. पण फोनचा आवाज बंद करून पाणी घालायला गेलं, की अख्खा गेमच बंद पडत होता, आणि तो का, ते आत्ता कुठे कळलं होतं. पाण्याचा आवाज संपला की थांबायचं, असं तिने झारीला सांगून ठेवलं होतं. फोन मुका असला तर आवाज वाजायचाच नाही. आणि जो वाजलाच नाही, तो संपणार कसा? झारी बिचारी हुकमाची ताबेदार. ओतत राहायची, ओतत राहायची, आणि शेवटी गेमचाच जीव गुदमरायचा.

“म्हणजे नळ उघडा टाकून माळीणबाई गावाला,” चित्रकार म्हणाला.

तिने हसत हसत चूक दुरुस्त केली, स्वतःच्या फोनवर चारदा तपासली आणि देवाचं नाव घेऊन गेमची नवी आवृत्ती सगळ्यांसाठी सोडली. मग पहिला फोन काकांना लावला.

गेम बंद पडतो ही तक्रार काकांचीच होती. काल सकाळी ते इतक्या हळू बोलत होते, की तिला आधी वाटलं आपलाच फोन बिघडला. तिने आजोबा म्हणून हाक मारली, तर कुजबुजतच म्हणाले, काका म्हणा, आजोबा व्हायला नातवंडं लागतात, आमच्याकडे नुसती झाडं. ती गेममधली झाडं काकूंची. काकू दवाखान्यात खाटेला खिळलेल्या, म्हणून बागेचं पाणी काकांच्या गळ्यात आलेलं. काकूंची झोप इतकी कोवळी, की झारीच्या बारीक आवाजानेही मोडायची, आणि झोप मोडली की दुखणं जागं व्हायचं. व्हरांड्यात जाऊन पाणी घालावं, तर काकूंच्या मुठीत काकांचं बोट. कानात वायरी घाला म्हटलं, तर म्हणाले, कान मला मोकळे लागतात, ती हाक फार हळू मारते.

फोन बंद करून चालू करून झाला, काही फरक पडला नाही. मग तिने गेम काढून टाकून नव्याने घ्यायला सांगितलं.

“काढला, तर हिची बाग?”

जाईल, असं तिला सांगावं लागलं.

“मग नको. डोळे उघडले की पहिलं तेच विचारते, पाणी घातलंत का.”

उद्यापर्यंत करून देते, असं माळीणबाई बोलून गेली होती, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागला नव्हता.

आज काकांनी फोन उचलला आणि चांगल्या मोकळ्या आवाजात “बोला ताई” म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला. काकूंना उतार पडलेला दिसतोय, तिला वाटलं.

ती सांगत गेली, तसं काका करत गेले. पडद्यावर उमटेल ते अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचत होते, शाळेत उभं केल्यासारखे. जुना न काढताच नवा गेम आला. काकूंची बाग जागच्या जागी होती. मग तिने फोनचा आवाज बंद करायला सांगितला. त्यांनी केला. कोपऱ्यातल्या गुलबक्षीला पाणी घालायला सांगितलं. त्यांनी घातलं. दोघंही श्वास रोखून थांबले.

“थांबली झारी,” काका म्हणाले. “गेम चालू आहे. फूल हलतंय.”

चित्रकाराने आपल्या टेबलावरून अंगठा दाखवला. तरी खात्री म्हणून तिने आणखी एका झाडाला पाणी घालून बघायला लावलं. काकांनी तेही निमूटपणे घातलं.

“आता काकूंना खुशाल झोपू द्या,” ती म्हणाली. “आवाजाची कटकट मिटली.”

“ताई, आता आवाज चालू केला तर चालेल ना? परत बिघडणार नाही ना काही?”

“चालेल की. पण काकूंची झोप...”

“ती काल संध्याकाळी गेली.”

माळीणबाई जागची उठली आणि पुन्हा बसली. चित्रकार काय झालं म्हणून खुणेने विचारत होता, त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. मग इतका वेळ बोलला का नाहीत, एवढंही तिच्या तोंडून निघेना. पण काकांना ते न विचारताच ऐकू आलं असावं.

“तुम्ही इतक्या मनापासून सांगत होतात,” ते म्हणाले. “आमच्यासाठी एवढ्या खपलात. म्हटलं, आधी पोरीचं काम होऊ दे.”

तिने फोन कानालाच धरून ठेवला. पलीकडून झारीचा आवाज आला. माळीणबाईनेच एकदा घरी, बादलीवर तांब्या धरून तो टिपला होता. काकांनी तो लावता येईल तेवढा मोठा लावला होता. आवाज संपला. थोडा वेळ गेला. मग पुढच्या झाडाला तो पुन्हा सुरू झाला.