नदीला दिलेली जागा

"अन् हे नायमेखन," भगवानराव माइकवर म्हणाले. पडद्यावर चर्च, पूल आणि दोन्हींच्या मध्ये भगवानराव.

शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यात ते हॉलंडला गाई पाहायला गेले होते. सुटीच्या दिवशी गाईडनं हे शहर दाखवलं, म्हणून आज गावाला इतिहास मिळत होता. सत्कार त्यांचा आणि मंगल कार्यालयही त्यांचंच, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती.

रोमन आले, गेले. नदीकाठी बाजार भरू लागला. आपल्या अमडापूरच्या बाजारासारखाच, फक्त माल होडीनं यायचा. तटबंदी झाली, मग तटबंदी पाडून शहर वाढलं. महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्याच विमानांनी चुकून बॉम्ब टाकले, पडलेलं शहरही पुन्हा बांधून झालं. भगवानरावांचा आवाज चढत गेला. पुढचा फोटो आला आणि आवाज एकदम खाली आला.

फोटोत एकाच नदीच्या दोन धारा होत्या. हा फोटो काढून टाकायचा राहिला होता.

"हे काय व्हय, भाऊ?" पहिल्या रांगेतून सिंधूताईंनी विचारलं. गेल्या पुरात घर वाहून गेल्यापासून त्या शाळेच्या एका खोलीत राहत होत्या.

"नदीच हाये. दुसरी धार खोदली त्यायनं."

"काऊन?"

भगवानराव पाणी प्याले. बायकोकडे पाहिलं. वंदनाताई साडीचा काठ नीट करत होत्या.

"शहर वाढता वाढता नदी दाबल्या गेली. पाणी चढू लागलं. मंग बांध मागं सरकवला. नदीले जागा देली."

"अन् तिथली घरं?" सूत्रसंचालक निवृत्तीनं कौतुकानं विचारलं.

"पाडली. भरपाई देऊन. जे मधात होते त्यायची."

"पाहा, याले म्हणतात शिस्त!" निवृत्तीनं टाळ्या सुरू केल्या.

सिंधूताई टाळ्या संपेपर्यंत थांबल्या.

"माह्यं तं मधात नव्हतं, भाऊ," त्या पत्ता सांगावा तशा म्हणाल्या. "तुम्ही नदीत भराव टाकून हा हॉल बांधला, मंग नदी माह्याकडं वळली."

निवृत्तीनं माइक घेतला आणि चहा-पोहे तयार असल्याचं जाहीर केलं. खुर्च्या सरकल्या. लोक नेहमीपेक्षा जरा लवकरच उठले.

भगवानराव शाल सावरत मंचावरून उतरू लागले. शेवटच्या पायरीवर थबकले. खाली सगळीकडे भरावावर घातलेली चकचकीत फरशी होती. पाय कुठं ठेवावा, ते त्यांना कळेना.