पंचायतीचा पहिला नकाशा

“माशांची जागा दर्याला ठाऊक नि आपल्याला, तिसऱ्याला नको,” असं सुलेमान तांडेलाचा बाप बजावून गेलेला. रत्नागिरीहून नकाशे काढायला शिकून आलेल्या पंचायतीच्या कारकुनाला, गंगारामला, सुलेमाननं महिनाभर आपल्या होडीतून खाडीत हिंडवून खोली मोजू दिली, पण जिथे मासळी जमायची तो पाण्याखालचा खडक तेवढा टाळला. आज गंगारामनं नकाशा पुढ्यात पसरला. “चाचा, वाचा की!” “वाचता आलं असतं तर तांडेल कशाला झालो असतो?” गंगाराम हसला. “प्रत्येक वळणाला तुम्हीच सांगितलेलं नाव दिलंय. आणि हे खाली तुमचं. तुमच्यामुळे आपलं बंदर आपल्या नावांनी कागदावर आलं. उद्यापासून उतारूंची होडी नकाशावरच्या याच वाटेनं सोडतो.” सुलेमाननं आपल्या नावावरून हळुवार तळहात फिरवला. मग त्याचं बोट त्या वाटेवरच्या मोकळ्या निळ्या पाण्यावर टेकलं. “गंगाराम, इथं खडक आहे. मासळीपायी मी तुझ्यापासून लपवला.”