मुखपृष्ठावरच्या बाया

जालन्यातल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांनी ‘ख्रिस्ती धर्म आणि संस्कृती’ या विषयाची संशोधन पत्रिका काढली. संपादक सुवार्तानं मुखपृष्ठासाठी फोटो दिला, तिच्या गावच्या चर्चमध्ये लुगडी नेसून टाळावर भजन म्हणणाऱ्या बायांचा. प्राचार्यांनी तो परस्पर बदलला. "या बाया ख्रिश्चन वाटत नाहीत गं," म्हणाले आणि परदेशातलं बर्फातलं चर्च छापून मोकळे झाले. सुवार्ता आतल्या आत धुमसत राहिली.

प्रकाशनाच्या दिवशी तिची आई लुगडं नेसून शहागडहून एसटीनं आली. सुवार्ता तिला घ्यायला गेटवर पोचली, तर शिपाई आईला अडवून सांगत होता, "मावशी, आत ख्रिश्चन लोकांचा कार्यक्रम हाय. तुमचं काय काम?"

सुवार्ताच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक मंचावर गेली, पाहुण्यांसमोरचा पत्रिकांचा रिबीन बांधलेला गठ्ठा उचलला आणि गेटवर आणून आईच्या हातात दिला. प्राचार्य मागं धावत आले. "अगं, हे काय चालवलंयस?"

"प्रकाशन, सर. ख्रिश्चन बाईला आत सोडून न्हाई राह्यले, मंग गेटवरच करून राह्यलो. आई, सोड ती रिबीन."