बावीस वार

"पीच लांब हाय! परंडेकरांनी मुद्दाम वाढवून ठेवलंय!"

कल्याणप्पानं चेंडू जमिनीवर आपटला. चौथी ओव्हर चालू होती नि एकही विकेट नाही. त्याचा प्रत्येक चेंडू आखूड पडत होता आणि परंड्याचा एक पोटसुट्या दुकानदार निवांत मागं सरून तो टोलवत होता. जिल्ह्याचा संघ निवडणारे साहेब कडेला खुर्ची टाकून बघत होते. संघात जागा उरलेली एकच. कल्याणप्पा चौतिशीला टेकलेला. आज नाही तर कधीच नाही.

घरी बेंबळीत हाच माणूस वाघ! क्लब तसा निजामाच्या राज्यापासूनचा, पण त्याचा दरारा बसला तो नऊ वर्षांपूर्वी, कल्याणप्पाचं लग्न झालं त्या साली. तेव्हापासून त्याचा चेंडू असा अंगावर यायला लागला, की पाव्हण्यांनी बॅट उचलेपर्यंत दांडी गुल. "नीलम्माचा पायगुण, दुसरं काय!" असं कॅप्टन विष्णुपंत मास्तर ज्याला त्याला सांगायचे. सामना जिंकला की सगळा क्लब तिच्या ओसरीवर चहाला. तिथली बैठक मांड्यांना टोचायची, पण चहा फक्कड.

बेंबळीची शीव ओलांडली की हा पायगुण कुठं जायचा, देव जाणे.

साहेबांनी कटकट नको म्हणून टेप मागवली. स्टंपापासून स्टंपापर्यंत ताणली.

"बावीस वार. बरोबर आहे."

परंडेकर खो खो हसले. कल्याणप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब, एक डाव बेंबळीला या. माझी बॉलिंग तिथं बघा. मग न्हाय म्हणा!"

"येतो," साहेब म्हणाले. "टेप घेऊनच येतो."

पुढच्या रविवारी ते खरंच आले. बेंबळीची रीत साधी. काथ्याची मॅट कल्याणप्पाच्या माळ्यावर असायची. सामन्याच्या दिवशी ती अंथरायची नि तिच्या दोन टोकांना स्टंप ठोकायचे. मोजायचं कशाला? मॅटच बावीस वारांची.

साहेबांनी टेप लावली. पुन्हा लावली.

"वीस."

विष्णुपंतांचं तोंड उतरलं. "अवो, असं कसं? सोलापूरहून मीच आणली की! पावसानं आटली असंल."

"दोन वार?"

साहेबांनी स्टंप दोन वार मागं घ्यायला लावले. कल्याणप्पा जीव तोडून धावला. चेंडू आखूड पडला. त्याच्याच क्लबच्या बाबूरावानं, ज्याला नऊ वर्षांत त्याचा एक चेंडू बॅटीला लावता आला नव्हता, तो चेंडू सरळ बाभळीपार भिरकावला. साहेबांनी वही मिटली.

"कुणी कापली मॅट?" कल्याणप्पाचा आवाज चिरकला. "नाव सांगा फकस्त! नऊ वर्सं माझी माती केली त्यानं! हात कलम करतो भाड्याचे!"

बाबूराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"चला, चहा घेऊ," शेवटी विष्णुपंत म्हणाले. "पाव्हणा तसाच जायला नको."

ओसरीवर नीलम्मा कपबशा घेऊन उभीच होती. मोठ्या शहरातला माणूस दारात आलेला बघून ती ओशाळली.

"बसा साहेब. जरा टोचंल. लग्नाच्या साली हातरलं ते हातरलं. क्लबची मानसं यायची नि घरात बसायला गोणपाटबी न्हवतं. लई लाज वाटायची बघा."

कल्याणप्पा दारातच थबकला.

साहेब बसले. खालच्या काथ्यावरून त्यांनी हात फिरवला, सुतळीनं नीट शिवलेला काठ चाचपला, आणि खिशातून टेप काढून तिचं एक टोक मुकाट्यानं कल्याणप्पाच्या हातात दिलं.